स्प्रिंग बसवणाऱ्याचा वाटा

दुरुस्ती करणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. जे यंत्र आपण चालू करून दिलं, त्यानं पुढे जे होईल त्यात आपला वाटा किती? खुरप्याला धार लावणाऱ्या लोहाराला तो पडला असेल, बंडीचं चाक बसवणाऱ्या सुतारालाही पडला असेल. मला तो पडला पाण्याच्या एका छोट्या इंजिनामुळे, आणि त्यातही एका पातळ पोलादी पट्टीच्या स्प्रिंगमुळे.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. साडेतीन एकर धानाची शेती आहे. शेतीच्या जोडीला घराच्या ओट्यावर छोट्या इंजिनांची दुरुस्ती करतो. हे काम कुठल्या शाळेत शिकलो नाही. आधी सायकली खोलल्या, मग फवारणी पंप, मग पाण्याची इंजिनं. त्यामुळे इथं जे लिहितो आहे ते हातांनी शिकलेलं आहे. त्यात विचार आहे तोही पाना फिरवता फिरवता आलेला.

आधी वस्तू समजून घेऊ, कारण वस्तू समजल्याशिवाय प्रश्न समजणार नाही.

मी शाळेत होतो तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्या काळात गावात एखाद्याच घरी डिझेल इंजिन असायचं. काळं, जड, बंडीत घालून न्यावं लागणारं. ते हँडलनं सुरू व्हायचं. हँडल फिरवताना वरची कळ उचलून धरायची, म्हणजे आतला दाब निघून जातो आणि चाक हलकं फिरतं. चाकानं वेग धरला की कळ सोडायची, आणि इंजिन धडधडायला लागायचं. कधी कधी इंजिन उलटा झटका द्यायचं. त्या झटक्यानं मनगट मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून पहिला धडा हा, की हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, त्याला मुठीचा विळखा घालू द्यायचा नाही.

मग एका माणसाला उचलता येतील अशी छोटी इंजिनं आली. पेट्रोलवर सुरू करायची आणि गरम झाली की रॉकेलवर न्यायची. सुरुवातीच्या काहींना दोरी सुटी असायची. चाकाच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, वेढे द्यायचे, ओढायचं. इंजिन लागलं तर ठीक, नाही तर दोरी हातात. पुन्हा वेढे, पुन्हा ओढ. रोवणीच्या दिवसात, चिखलानं भरलेल्या हातांनी हे काम करणाऱ्याच्या तोंडून काय काय निघायचं ते लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतरच्या इंजिनांत दोरी आपोआप आत जायला लागली. आज गावात ज्याला आपण 'दोरीचं स्टार्टर' म्हणतो ते हेच. पाण्याचा पंप, पॉवर स्प्रे, निंदणाचं यंत्र, गवत कापायचं यंत्र, मंडईच्या रात्री दंडारीच्या मंचामागे घुरघुरणारं जनरेटर, सगळ्यांना तेच स्टार्टर. आत एक चकरी असते, तिच्यावर दोरी गुंडाळलेली. चकरीच्या पोटात पट्टीची स्प्रिंग असते, जुन्या चावीच्या घड्याळात असते तशी, वेटोळं घातलेली. तिचं बाहेरचं टोक कव्हरच्या खाचेत अडकलेलं, आतलं टोक चकरीच्या मधोमध. दोरी ओढली की चकरी फिरते, तिचे दाते बाहेर येऊन इंजिनाला पकडतात आणि फिरवतात. इंजिन लागलं की दाते सुटतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जी 'कुत्री' असतात, त्यांचीच ही भावंडं. ओढताना स्प्रिंग आवळली जाते, आणि सोडली की ती चकरीला उलटी फिरवून दोरी आत घेते.

लोकांना वाटतं की स्प्रिंग इंजिन सुरू करते. तसं नाही. इंजिन सुरू करतो माणसाचा हात. स्प्रिंग फक्त दोरी परत आणते, म्हणजे दुसऱ्यांदा ओढता यावी म्हणून. पण ती तुटली तर पहिली ओढ वाया गेली की दुसरी नाही. म्हणून शेतकऱ्याला वाटतं, अख्खं इंजिनच गेलं.

स्प्रिंग बहुधा मध्ये तुटत नाही, टोकाच्या आकड्याला तुटते. कारण तिथंच झटका बसतो. इंजिन सुरू झालं की माणूस आनंदानं दोरीची मूठ सोडून देतो. मूठ खाडकन कव्हरवर आदळते, आणि तो झटका आतल्या आकड्यापर्यंत जातो. दोरी ओढल्यावर मूठ हातात धरूनच परत न्यायची असते. ओढायचीही एकदम नाही. आधी हळू ओढून अडथळा लागेपर्यंत आणायची, मग जोरात. एवढं पाळलं तर स्प्रिंग वर्षानुवर्षं चालते.

तुटलेल्या आकड्याची दुरुस्ती अशी. कव्हरचे बोल्ट खोलायचे. स्प्रिंग कोणत्या दिशेनं गुंडाळलेली आहे ते खडूनं लिहून ठेवायचं. दोरीत ताण उरला असेल तर चकरी धरून हळूहळू उतरवायचा. मग चकरी उचलायची. ही धोक्याची जागा. स्प्रिंगमध्ये कोंडलेली ताकद असते आणि ती सापासारखी उसळून बाहेर येते. तोंड बाजूला, डोळ्यांवर चष्मा, वरून पोतं टाकलेलं. उलगडली तर ती पट्टी पुष्कळदा माणसाच्या उंचीहून लांब भरते. तेवढी लांबी तळहाताएवढ्या डब्यात बसवलेली असते. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७८ साली छापून सांगितलं की स्प्रिंग जितकी ताणाल तितका तिचा जोर वाढतो. हूकला ते कागदावर मांडता आलं. आमच्याकडच्या पोरांना ते बोटाला चिरा पडून कळतं.

मग तुटलेलं टोक तापवायचं. फक्त टोक. बाकीची पट्टी पकडीत धरायची आणि ओल्या फडक्यानं गुंडाळायची. कारण पोलादाला जे पाणी दिलेलं असतं, ते जास्त तापवलं की उतरतं. पाणी उतरलेली पट्टी वाकते, पण परत येत नाही. टोक लाल झालं की पकडीनं नवा आकडा वळायचा आणि आपोआप थंड होऊ द्यायचा. घाईनं पाण्यात बुडवला तर तो काचेसारखा तडकतो. पट्टी बोटभर आखूड होते, पण चालते. असं एकदा, फार तर दोनदा करता येतं. नंतर नवी स्प्रिंगच घ्यावी.

बसवताना बाहेरचा आकडा खाचेत अडकवायचा आणि एक-एक वेटोळं आत दाबत जायचं, अंगठ्यानं धरून. थोडं ग्रीस. चकरी बसवायची, दोरी गुंडाळायची, मग ओढीच्या दिशेनं दोन-तीन फेरे देऊन स्प्रिंगला आगाऊ ताण द्यायचा आणि दोरी बाहेर काढून मूठ बांधायची. ताण कमी दिला तर दोरी अर्धीच आत जाते. जास्त दिला तर दोरी पूर्ण बाहेर यायच्या आधीच स्प्रिंग आवळून संपते, आणि पुढच्या झटक्याला तुटते. म्हणून दोरी पूर्ण ओढून पाहायची. तेव्हाही चकरी अजून अर्धा-एक फेरा फिरू शकली पाहिजे. इतकी सैल जागा शिल्लक ठेवल्याशिवाय कोणतीच ताणलेली वस्तू टिकत नाही.

शेवटी इंजिन पाहायचं. दोरी पंधरा-वीस वेळा ओढावी लागते म्हणूनच स्प्रिंग तुटते. कार्बोरेटरमध्ये मागच्या हंगामाचं पेट्रोल चिकट होऊन बसलेलं असतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. प्लग काळा झालेला असतो. नुसती स्प्रिंग बदलून दिली तर दुरुस्ती अर्धीच झाली.

आता प्रश्नाकडे येतो.

आमचा भाग तलावांचा. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले. नवेगाव बांध त्यातलाच. पुढे मालगुजार आले, आणि या तलावांना मालगुजारी तलाव हे नाव पडलं. हा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, पण गावाचा निस्तार राहिला. म्हणजे गुरांना पाणी, ढिवर बांधवांना मासोळी, शेताला पाळीनं पाणी. तलावाचं पाणी तुडूमातून पाटात येतं आणि उतारानं बांधीबांधीत जातं. पण पाणी तुडूमाच्या खाली गेलं की ते आपल्या पायानं येत नाही. तिथून पुढे इंजिन लागतं. आणि नेमका तिथूनच भांडणाचा मुलूख सुरू होतो. उताराचं पाणी सगळ्यांना दिसतं. इंजिनाचं पाणी ज्याचं इंजिन त्याचं.

एका वर्षी सप्टेंबरात पावसानं ओढ दिली. धान निसवायच्या बेतात होता. जाणत्यांना सांगायला नको, या वेळी बांधीत ओल नसेल तर लोंब बाहेर येते पण दाणा भरत नाही. सगळं पोचट. तलाव तुडूमाच्या खाली गेला होता. गुरांसाठी आणि मासोळीसाठी पाणी ठेवून उरलेलं किती उपसायचं, कुणी आधी, कुणी मागून, याची बैठक अजून व्हायची होती.

एका संध्याकाळी नात्यानं पुतण्या लागणारा एक जण इंजिन खांद्यावर घेऊन आला.

"काका, दोरी भायेर येते, मंग आत जातच नाही. रातीच होऊन पाहिजे."

"येवढी काय घाई, बाबू?"

"राती लावतो तलावावर. दिवसा लावलं त सारे जमा होतात."

तो लपवाछपवी करणारा माणूस नव्हता, म्हणून सरळ सांगितलं. त्याची बाजूही खोटी नव्हती. त्याचं शेत पाटाच्या शेवटाला. पहिल्या पाळीत त्याच्यापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. दोन एकर धान डोळ्यांसमोर पिवळा पडत होता.

पण तलावाच्या पाळीला लागून खाली एका बाईची दीड एकराची बांधी आहे. नवरा गेलेला. मी तिला वैनी म्हणतो. तिच्याकडे इंजिन नाही. भाड्यानं आणायचं तर दिवसाच मिळणार, आणि तेही पाळी ठरल्यावर. रात्रीतून तलाव तळाला गेला तर तिच्या वाट्याला चिखल. शिवाय मासोळी. शिवाय गुरं.

हिशेब मी मनात केला. दोन इंची पंप मिनिटाला साडेचारशे लिटर धरला तर तासाला २७ हजार लिटर. एका एकरात दोन इंच पाणी उभं करायचं तर सुमारे दोन लाख लिटर लागतं. म्हणजे एकराला साडेसात-आठ तास. दोन एकरांना एक रात्र आणि वर काही. तलावात जे उरलं होतं त्यात एका माणसाची अशी एक रात्र म्हणजे फार मोठा घास.

मग मी काय करायला पाहिजे होतं?

पहिलं उत्तर जुनं आहे. लोहारानं धार लावावी, कापणारा काय कापतो ते त्याचं त्यानं पाहावं. या उत्तरात सोय आहे आणि थोडं खरंही आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात शिरून काम करायचं म्हटलं तर कुणाचंच काम होणार नाही. पण हे उत्तर न कळण्यापुरतं खरं आहे. घर फोडायला चाललो असं सांगणाऱ्याच्या हातात कानस दिली, तर 'मी फक्त कानस दिली' असं म्हणता येत नाही. मला तर त्यानं सांगितलं होतं. कळलं की वाटा सुरू होतो. स्प्रिंग पाणी उपसत नाही हे खरं, पण तिच्याशिवाय दोरी दुसऱ्यांदा ओढता येत नाही हेही खरंच.

दुसरं उत्तर, नाही म्हणायचं. इंजिन परत दे. हे पहिल्यापेक्षा सरळ वाटतं. पण त्यावर थांबून विचार केला की भीती वाटते. चोरी आणि भांडण यात फरक आहे. घर दुसऱ्याचं आहे हे ठरलेलं असतं. पाण्याची पाळी अजून ठरलेली नव्हती. त्याचा हक्क किती आणि वैनीचा किती, हे मी माझ्या ओट्यावर, एका बल्बच्या उजेडात, एकट्यानं ठरवणार होतो. कशाच्या जोरावर? तर माझ्याकडे पाना आहे आणि त्याच्याकडे नाही, या जोरावर.

काम नाकारण्याची ताकद आपल्या गावांनी पुष्कळ पाहिली आहे. याची हजामत करायची नाही, त्याच्या औताचा फाळ भरायचा नाही, तिच्या दुकानात जायचं नाही, यांना पाण्याला हात लावू द्यायचा नाही. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं ते पाण्याच्या अशाच नकारापायी. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला, कारण ही रीत मेलेली नव्हती. प्रत्येक नकार देणाऱ्याला वाटत असतं की आपण न्यायच करतो आहोत. आज मी चांगल्या कारणासाठी नाही म्हटलं, उद्या रागापायी म्हणेन, आणि परवा मलाच कळणार नाही की कारण कोणतं होतं.

तिसरं उत्तर आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त चालतं, आणि त्याला कुणी उत्तर म्हणत नाही. "स्प्रिंग भेटत नाही बाबू, गोंदियावरून आनावी लागते, चार दिवस लागतील." गिऱ्हाईक चिडत नाही, आपण वाईट ठरत नाही, वैनीला पाणी मिळतं. बाहेरून पाहता सगळ्यांचं भलं. पण नीट पाहिलं तर हे नकारापेक्षा वाईट आहे. ज्याला 'नाही' म्हटलं तो दुसरीकडे जाऊ शकतो. ज्याला खोटं सांगितलं तो विश्वासानं घरी बसून राहतो. त्याला इंजिनातलं कळत नाही, याच गोष्टीचा आपण दोर करून त्याला बांधतो. जाणणाऱ्यानं न जाणणाऱ्याशी असं वागायला सुरुवात केली की डॉक्टर, वकील, मेकॅनिक, कुणावरच कुणाला भरवसा ठेवता येणार नाही.

म्हणून मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. इंजिन खोलायच्या आधी सांगितल्या, कारण नंतर सांगणं म्हणजे फसवणं.

"इंजिन आत्ता करून देतो. पन तू राती तलावावर लावनार, हे मी वैनीले अन् मासोळीवाल्या संस्थेच्या लोकायले सांगीन. तुह्या पाठीमागं नाही सांगत, तुह्या तोंडावरच सांगून ठेवतो."

"अन् मजुरी?"

"दीडशे. नाई त पैसे नको, दोन घंटे तुहं इंजिन वैनीच्या बांधीत लाव. तुले जे परवडन ते."

तो बराच वेळ बोलला नाही. इंजिन उचलून नेईल असं मला वाटलं. त्यानं नेलं नाही. मी कव्हर खोललं. आतला आकडा तुटलेला होता. घरातल्या गॅसवर टोक लाल केलं, वळवलं, थंड होऊ दिलं, बसवलं. कार्बोरेटर साफ केला. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. त्यानं दीडशे रुपये मोजून ओट्यावर ठेवले आणि गेला.

मी मजुरीचा जो दुसरा पर्याय ठेवला होता, त्यावर नंतर लोकांनी मला विचारलं. हा दंडच झाला ना? मला तसं वाटत नाही. दंडाला नकार देता येत नाही. इथं त्याला देता येत होता, आणि त्यानं दिला. पैसे घेताना मी एक शब्द बोललो नाही. मागण्याचा हक्क मला होता, मिळण्याचा नव्हता.

मी वैनीकडे गेलो, संस्थेच्या एका कारभाऱ्याकडे गेलो, आणि जे त्याला सांगितलं होतं तेवढंच सांगितलं. वर एक शब्द नाही. यात धोका होता हे मला माहीत होतं. रात्री, तलावाच्या पाळीवर, पाण्यावरून माणसांची डोकी फुटल्याच्या गोष्टी आपल्याकडे नव्या नाहीत. म्हणून कारभाऱ्याला म्हटलं की जायचं तर काठी घेऊन जाऊ नका, आणि मीही सोबत गेलो.

चार-पाच जण टॉर्च घेऊन पाळीवर बसलो. इंजिन चालू होतं. बोलाचाली झाली, शिव्या झाल्या, पण हात कुणी उचलला नाही. मध्यरात्रीच्या सुमाराला त्यानं स्वतःच इंजिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी बैठक बसली. जी दोन आठवडे लांबली होती ती एका सकाळीत झाली. पाळी दिवसावर न ठेवता तासांवर ठेवली, एकरामागे ठरावीक तास. माझा साडेसात तासांचा हिशेब तिथं कामी आला, पण पाणी पुरणार नव्हतं म्हणून सगळ्यांनी निम्मे तास घेतले. त्याच्या रात्रीच्या तासांची वजावट झाली. तलावाच्या मधल्या डोहातलं पाणी गुरांना आणि मासोळीला सोडलं.

गोड शेवट सांगता आला असता तर बरं वाटलं असतं. वैनीची एक बांधी वाचली. दुसरी आधीच भेगाळली होती, तिथं लोंब निघाली पण पोचट. पुतण्याचा धान अर्धा झाला. पुढचं वर्षभर त्यानं माझ्याकडे काम आणलं नाही. सगळ्यांना पुरेल असा तलाव नसेल तर न्याय झाला तरी पोट भरत नाही. न्यायानं एवढंच होतं, की उपासमार एकाच्याच ताटात पडत नाही.

हा प्रश्न माझ्या ओट्यापुरता आहे असं कुणाला वाटेल, म्हणून थोडं लांबचं सांगतो. हल्ली कितीतरी यंत्रांच्या बाबतीत दुकानदार सांगतो की स्प्रिंग वेगळी मिळत नाही, अख्खं स्टार्टर घ्या. मोठ्या यंत्रांत तर कंपनीच्या संगणकाशिवाय बिघाड कळतच नाही. म्हणजे नकार देण्याची जी ताकद मी माझ्या हातात ठेवायला घाबरलो, ती आता कारखान्याच्या हातात गेली आहे. अमेरिकेतले शेतकरी याच्याशी बरीच वर्षं भांडले, आणि तिथल्या कोलोरॅडो राज्यानं २०२३ साली शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्यासमोरच्या विषयांत मोबाइल, घरगुती वस्तू, गाड्या होत्या आणि शेतीची अवजारंही होती. या हक्काचा अर्थ मी माझ्या परीनं असा लावतो: वस्तू ज्याची, त्याला ती खोलून पाहता आली पाहिजे, सुटा भाग विकत घेता आला पाहिजे, आणि बिघाड काय आहे हे खरं खरं कळलं पाहिजे. शेवटची गोष्ट मेकॅनिकलाही लागू आहे. कंपनीनं लपवलं तर अन्याय, आणि ओट्यावरच्या माणसानं लपवलं तर हुशारी, असं होत नाही.

मग दुरुस्ती करणाऱ्याचा वाटा किती? माझं उत्तर असं. वाटा असतो. 'मी फक्त स्प्रिंग बसवली' म्हणून तो झटकता येत नाही. पण तो पूर्ण आपल्याच अंगावर घेऊन गावाचा न्यायाधीशही होता येत नाही. ताण देताना जसे दोन-तीन फेरेच द्यायचे असतात, कमी नाही आणि जास्त नाही, तसंच हे आहे. काम सगळ्यांचं करावं. जे कळलं ते ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना कळवावं, आणि ज्याच्याबद्दल कळवतो त्याला आधी सांगावं. ठरवायचं ते चौघांनी ठरवावं. उघडा जीव घेणारं काम असेल, तिथं मात्र नकारच, आणि तोही तोंडावर.

आता दोन पोरं माझ्याकडे शिकायला येतात. सौरपंप आले, बॅटरीचे फवारे आले, दोरीचं स्टार्टर आणखी किती वर्षं राहील सांगता येत नाही. पण दुरुस्ती राहणार, आणि हा प्रश्नही राहणार. मी त्यांना स्प्रिंग काढताना तोंड बाजूला ठेवायला शिकवतो, टोकच तापवायला शिकवतो, मूठ हातानं परत न्यायला शिकवतो. आणि काम घरात न करता ओट्यावरच करायला लावतो, रस्त्याकडे तोंड करून. ऊन लागतं, धूळ येते, पोरं कुरकुरतात. पण कुणाचं इंजिन दुरुस्त होत आहे, हे जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसलेलं बरं.